चेअरमन पहिला आला होता

आमच्या घरात रेसच्या घोड्यांचं वेड आत्यानं आणलं. त्याआधी माझा घोड्याशी संबंध आला होता तो फक्त माझ्या वरातीत. तेव्हाही मी घोड्यावर कमी आणि घोडेवाल्याच्या खांद्यावर जास्त भार टाकून बसलो होतो. बायको अजून तो फोटो पाहुण्यांना दाखवते.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. जन्मभर सरकारी नर्स. शेवटची बरीच वर्षं मलकापूरला काढली. शाहूवाडी तालुक्यातली निम्मी जनता तिच्या हातचं इंजेक्शन घेऊन रडलेली आहे, असं ती अभिमानानं सांगते. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर कोल्हापुरात आमच्या फ्लॅटवर राहायला आली. आठवडाभरात सगळी बिल्डिंग तिला सिस्टर म्हणायला लागली आणि ती सगळ्या बिल्डिंगला पेशंट समजायला लागली. जिन्यात कुणी दम खाताना दिसला की ती त्याची नाडी धरायची.

पहिल्याच रविवारी सकाळी ती विहारात जाऊन आली, जेवली आणि त्याच कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत टीव्हीसमोर येऊन बसली.

"पुण्याची रेस लाव," ती मला म्हणाली.

"कसली रेस?"

"घोड्यांची. मग काय माणसांची?"

मला आधी आपल्याकडच्या घोडागाडीच्या शर्यती वाटल्या. गावोगावच्या जत्रांत असतात त्या. आत्यानं कपाळावर हात मारला. तिला पाहिजे होती खरी रेस, हिरवळीवरची, जॉकी असलेली. पावसाळ्यात पुण्याला असते, थंडीत मुंबईला. मोबाइलवर दिसते आणि मोबाइलवरून टीव्हीवर घेता येते, हे तिनंच मला शिकवलं. मी विमा कंपनीत नोकरीला. आयुष्यभर लोकांना जोखमीपासून लांब राहायला सांगत आलेला माणूस. माझ्या घरात, माझ्याच टीव्हीवर, भर दुपारी रेस सुरू झाली. मी आधी उठून खिडकीचा पडदा ओढला.

"पडदा कशाला ओढतोस? आपण काय गुन्हा करतोय?" आत्या म्हणाली. "मी पैसे लावत न्हाय. एकदा का पैसे लावले की घोडा दिसत न्हाय, नुसता पैसाच पळताना दिसतो."

हा तिचा नियम होता आणि तो आमच्या घरात आजही पाळला जातो.

तिला ही आवड कुठून लागली, तेही तिनं त्याच दिवशी सांगितलं. ती पुण्यात नर्सिंग शिकत होती तेव्हा वॉर्डात एक जॉकी दाखल झाला होता. हासळीचं, म्हणजे गळ्याखालचं, हाड मोडलेलं. एवढासा माणूस, पण भुलीतून बाहेर येताना त्यानं आत्याची वेणी लगाम समजून धरली आणि "चल बेटा, चल बेटा" करत चांगली ओढली. आत्यानं त्याला शुद्ध येण्याआधीच एक चापट दिली. बरा होऊन जाताना त्या माणसानं माफी म्हणून तिला आणि तिच्या मैत्रिणीला रेसकोर्सवर बोलावलं. मैत्रीण नटूनथटून लोक बघायला गेली. आत्या कठड्याला टेकून उभी राहिली आणि समोरून घोड्यांचा सगळा घोळका गेला.

"जमीन हालली की रं," ती मला सांगत होती. "पायातनं वर आवाज आला. मला वाटलं, माझंच काळीज बाहेर पडून पळतंय."

आत्याची घोडे पारखायची रीत तिच्या पेशाला धरून होती. रेसच्या आधी घोड्यांना पॅडॉकमध्ये गोल फिरवतात, तेव्हा ती टीव्हीच्या अगदी जवळ स्टूल ओढून राउंडला निघाल्यासारखी बसायची. "याला गॅस झालाय." "याचं बीपी वाढलंय, डोळं बघ." "हिला बरं न्हाय, हिला सुट्टी द्या." मग सगळ्यात निरोगी ठरलेल्या घोड्यावर बोट ठेवायची. तो घोडा हमखास मागं राहायचा. जिला सुट्टी द्यायला सांगितली ती घोडी जिंकायची. आत्याला त्याचं काही वाटायचं नाही. "तापात पळाली बिचारी," म्हणायची.

घोड्यांची खरी नावं इंग्रजी, लांबलचक आणि राजेशाही थाटाची. आमच्या घरात ती टिकली नाहीत. आत्याचा सगळ्यात लाडका घोडा होता चेअरमन. काळसर तपकिरी, रुंद छातीचा, कपाळावर तिरका पांढरा पट्टा. हा पॅडॉकमध्ये यायचा तोच उद्घाटनाला आल्यासारखा. घाई नाही. मान उंच करून आधी उजव्या बाजूच्या लोकांकडं बघायचा, मग डावीकडच्या. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत व्यासपीठाकडं निघालेला चेअरमन असाच चालतो. पळायचाही तसाच. बाकीचे घोडे जीव तोडून पळत असताना हा आपला मधल्या मधे, रुबाबात, मैदानाची पाहणी केल्यासारखा. क्वचित तिसरा यायचा. त्या दिवशी आमच्याकडं शिरा व्हायचा.

माझीही एक घोडी झाली. मी कबूल करायला वेळ लावला, पण झाली. ती सुरुवातीला सगळ्यांच्या पुढं असायची आणि शेवटच्या वळणावर एकाएकी पळण्यातला रस सोडून द्यायची. आमच्या धंद्यात लोक दोन-चार हप्ते जोरात भरतात आणि मग पॉलिसी सोडून देतात, त्याला लॅप्स म्हणतात. म्हणून मी तिचं नाव लॅप्स ठेवलं. दर वेळी वाटायचं, आज ही शेवटपर्यंत जाणार. दर वेळी वळण आलं की ती कान मागं टाकायची. सोमवारी ऑफिसात एखादा ग्राहक समोर येऊन "सायेब, औंदा हप्ता जमंल असं वाटत न्हाय" म्हणाला की मला तिचाच चेहरा दिसायचा.

शेजारच्या फ्लॅटमधले अण्णा आमच्यात सामील झाले ते आवाज ऐकून. अण्णा मूळचे जयसिंगपूरचे, जैन, फरशांचे व्यापारी. दर रविवारी ते जयसिंगपूरला भावाकडं जाऊन यायचे आणि येताना भडंगाचा पुडा आणायचे. एकदा पुडा घेऊन दारात उभे राहिले आणि विचारलं, "सिस्टर, काय चाललंय?"

"या, बसा. पाचवी रेस हाय."

अण्णा बसले. पैसे लावत नाहीत याची आधी दोनदा खात्री करून घेतली, मग बसले. त्याच रेसमध्ये एक लालबुंद, चणीनं लहान घोडी होती. एका जागी ठरायची नाही. रेस सुटायच्या गेटमध्ये घातली तर कढईतल्या चुरमुऱ्यासारखी नुसती उडत होती. अण्णांनी हातातल्या पुड्याकडं पाहिलं, घोडीकडं पाहिलं आणि म्हणाले, "ही आमची. ही भडंग."

तेव्हापासून अण्णा दर रविवारी. त्यांची एकच अडचण असायची. ते सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. शेवटची रेस लांबली की त्यांचं एक लक्ष टीव्हीकडं आणि एक खिडकीबाहेरच्या उजेडाकडं. मग बायको त्यांचं ताट इथंच आणून द्यायची आणि ते भाकरी मोडता मोडता "हाण, हाण" म्हणायचे.

बायको शाळेत शिकवते. तिला ह्या प्रकारात काडीचा रस नव्हता. ती मेथी निवडत लांब बसायची. पण प्रत्येक जॉकीच्या अंगात वेगळ्या रंगाचा सदरा असतो, त्याकडं तिचं लक्ष असायचं. रेस सुटायच्या आधी ती मान वर करून एवढंच म्हणायची, "तो मोरपंखी छान दिसतोय. डाळिंबी बाह्या शोभतात त्याला." आणि मोरपंखी जिंकायचा. एकदा झालं, दोनदा झालं, मग आत्या चिडायला लागली.

"पोरी, तू साड्या बघतीस का घोडे?"

"साड्याच," बायको म्हणायची आणि मेथीची जुडी उलटी करायची.

तिनं कधी घोड्याकडं पाहिलं नाही आणि ती जितक्या वेळा बरोबर आली तितक्या वेळा आम्ही तिघं मिळूनही आलो नाही. "तुम्ही खरंच का लावत नाही हो?" असं अण्णांनी तिला एकदा दबक्या आवाजात विचारलं, तर आत्यानं त्यांच्याकडं असं पाहिलं की त्यांनी भडंगाचा बकाणा भरला आणि विषय गिळला.

एका रविवारी चेअरमन आणि भडंग एकाच रेसमध्ये आले. शेवटच्या टप्प्यात भडंग बाहेरून आत घुसली आणि चेअरमनला वेग आवरावा लागला. झालं. आत्या उभी राहिली, अण्णा उभे राहिले.

"आडवी आली! तुमची भडंग आडवी आली!"

"आडवी न्हाय, पुढं आली! तुमचा चेअरमन झोपला हुता!"

"चेअरमनला झोपला म्हंता? तोंड सांभाळून बोला!"

आत्याचा आवाज मुळात वॉर्डाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. अण्णांचाही गोडाऊनमध्ये तयार झालेला. खालच्या मजल्यावर एक रिटायर्ड फौजदार राहतात. ते बनियनवर शर्ट चढवत, बटणं लावत धावत वर आले.

"काय झालंय? कोण कुणाला मारतंय?"

"ह्यांच्या भडंगनं माझ्या चेअरमनला आडवं जाऊन पाडला असता!" आत्या म्हणाली.

फौजदारांनी चटकन गंभीर चेहरा केला. "कुठल्या कारखान्याचा चेअरमन?"

आत्या आणि अण्णांनी एकमेकांकडं पाहिलं.

"इजा कितपत हाय?" त्यांनी विचारलं. "गाडी कुणाची हुती? केस करायची हाय का मिटवायचं हाय?"

बायकोनं मेथीची परात बाजूला ठेवली आणि आत जाऊन हसली. मी फौजदारांना टीव्हीकडं बोट करून दाखवलं. त्यांनी बराच वेळ घोड्यांकडं पाहिलं. मग एक खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "घटनेचं चित्रीकरण परत एकदा लावा." तीनदा पाहून त्यांनी निकाल दिला की चूक दोघांची आहे. तेव्हापासून आमच्याकडं रविवारी तेही येतात.

हे सगळं टीव्हीवर ठीक होतं. पण पुन्हा चेअरमन आणि भडंग एका रेसमध्ये येणार असं कळलं तेव्हा आत्यानं जाहीर केलं, "ही मी डोळ्यानं बघणार. मरायच्या आधी एकदा त्याला समोर बघायचा हाय." तिला मरण्यासारखं काहीही झालेलं नव्हतं. पण अशा वाक्यापुढं कुणाचं चालत नाही. फौजदारांच्या घरी पाहुणे होते. बाकीचे आम्ही चौघं माझ्या गाडीनं पहाटे निघालो.

आत्यानं पर्समध्ये गुळाचा मोठा खडा घेतला होता, धुतलेल्या रुमालात बांधून. मार्केटमधून स्वतः चाखून आणलेला. "चेअरमनला आपल्याकडचा गूळ घालायचा," ती म्हणाली. साताऱ्यापर्यंत तिनं ती पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही.

रेसकोर्सवर पॅडॉकचा कठडा दिसल्यावर ती तरातरा पुढं गेली. चेअरमन आला. टीव्हीत दिसायचा त्याहून मोठा, अंगावर तेल चोळल्यासारखी चमक. आधी उजवीकडं बघितलं, मग डावीकडं. डावीकडं आत्या होती. तिनं हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. मला वाटलं, रडते की काय. तेवढ्यात तिनं पर्स उघडली.

एक रखवालदार लगबगीनं आला. "बाई, घोड्याला काही द्यायचं नाही."

"गूळ हाय."

"काहीच नाही. रेसनंतर घोड्याची तपासणी होते. डोपिंग धरतात."

"गूळ म्हंजे डोपिंग?" आत्यानं रुमाल त्याच्या नाकापुढं धरला. "मग आमचं अख्खं कोल्हापूर डोपिंगवर चाललंय की!"

रखवालदार हसला, पण हलला नाही. आत्यानं गूळ परत बांधला. चेअरमन तोवर पुढं निघून गेला होता.

आम्ही कठड्याला चिकटून उभे राहिलो. बायकोनं मक्याचं कणीस घेतलं होतं. "आज डाळिंबी," ती म्हणाली. डाळिंबी सदरा भडंगच्या जॉकीचा होता. अण्णांनी तिला हात जोडले.

गेटं उघडली. चेअरमन बाहेर पडतानाच अडखळला. पुढचे पाय दुमडल्यासारखे झाले, त्याचा जॉकी मानेवरून पुढं गेला आणि हिरवळीवर आडवा झाला. समोरच्या मोठ्या पडद्यावर ते आम्हाला स्वच्छ दिसलं. आत्या क्षणात वेगळीच बाई झाली.

"हलवू नका त्याला! मान धरा! मान धरा आधी!" ती पडद्याकडं बघून ओरडली. साडीचा पदर खोचला आणि कठड्यावर एक पाय ठेवला. मी तिला कमरेला धरलं. जॉकी अर्ध्या मैदानापलीकडं होता, ती तिकडं चालत निघाली असती. तेवढ्यात तो स्वतःच उठून बसला, उभा राहिला, विजार झटकली आणि रागारागानं चालायला लागला. अँब्युलन्स त्याच्या बाजूनं हळूहळू येत होती आणि तो तिच्यात बसायला तयार नव्हता.

"हासळी शाबूत हाय," आत्या म्हणाली आणि मोठा श्वास सोडला. मग तिनं मान वळवली. "आन आपला कुठाय?"

आपला पळत होता. पाठीवर कुणी नाही, सांगणारं कुणी नाही. वर्षानुवर्षं मधल्या मधे फिरणारा चेअरमन त्या दिवशी बाहेरच्या अंगानं असा निघाला की मी त्याला कधी तसा पाहिला नव्हता. एकेकाला मागं टाकत तो शेवटच्या वळणावर सगळ्यांच्या पुढं आला. मागून भडंग येत होती. लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. आमच्या पायाखालची जमीन हलली, आणि आत्या मला जे सांगायची ते मला तेव्हा पायातून कळलं. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते मला आठवत नाही. बायको म्हणते की मी "हप्ता भर, हप्ता भर" असं ओरडत होतो, पण ते खरं नसावं.

चेअरमन पहिला आला. चांगला दोन-तीन घोड्यांची लांबी राखून आला. आणि थांबला नाही. पकडायला आलेल्या माणसांना चुकवून त्यानं आणखी अर्धी फेरी मारली, दोन्ही बाजूंच्या लोकांकडं बघत.

आत्या अण्णांच्या गळ्यातच पडायची बाकी होती. "पहिला आला! चेअरमन पहिला आला!"

समोरच्या फलकावर नंबर लागला तो भडंगचा.

"सिस्टर," अण्णा शक्य तितक्या नम्रपणे म्हणाले, पण त्यांचा चेहरा फुलला होता. "जॉकी न्हाय तर घोडा धरत न्हाईत."

टाय घातलेला, छातीवर बिल्ला लावलेला एक माणूस आत्यानं गाठला.

"त्यानं वाट सोडली का?"

"नाही बाई, पण..."

"अंतर कमी काटलं का?"

"नाही. पण प्रत्येक घोड्यानं ठरलेलं वजन घेऊन पळायचं असतं. वजनच नव्हतं त्याच्यावर."

"वजन खाली पडलं त्यात घोड्याची काय चूक? तुमी पडलेल्याला बक्षीस देऊ नका. जो पळाला त्याला द्या की! रेस घोड्यांची हाय का माणसांची?"

आजूबाजूला माणसं जमली. एक हॅट घातलेले आजोबा टाळ्या वाजवून म्हणाले, "बाई बरोबर बोलतायत." बिल्लेवाल्याला घाम फुटला. "बाई, असा नियम आहे."

"नियम मला सांगू नका. मी सरकारी नोकरी केलीय."

याचा नेमका अर्थ काय हे त्याला कळलं नाही, मलाही कळलं नाही, पण त्यानं मान खाली घातली.

परत येताना गाडीत भांडण सुरू झालं ते साताऱ्याच्या पुढंही चालू होतं. अण्णा म्हणत होते नियम म्हणजे नियम, आत्या म्हणत होती डोळे म्हणजे डोळे. कराडजवळ चहाला थांबलो. चिडून आत्यानं पर्समधला गुळाचा खडा काढला आणि टेबलावर आपटला. तो फुटून त्याचे तुकडे झाले. बायकोनं एक तुकडा अण्णांना दिला, एक आत्याला आणि शाळेतल्या मुलांची भांडणं मिटवायच्या आवाजात म्हणाली, "दोघं पहिले आले. एक माणसासकट, एक माणसाशिवाय. आता चहा प्या."

दोघांनी चहा घेतला. आमच्या घरात निकाल आजही असाच धरला जातो.

पुढच्या पावसाळ्यात चेअरमन दिसला नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला. मी मोबाइलवर शोध शोध शोधलं. घोडा जिंकत असतो तोवर त्याची खानदानासकट माहिती मिळते. पळायचा थांबला की कुणी काही लिहीत नाही. आत्या स्टुलावर बसायची, पण कुणाला गॅस झालाय हे सांगायची नाही. अण्णांची भडंग जिंकली तरी ती नुसती "बरं झालं" म्हणायची. अण्णांना ते फार लागायचं. जिंकल्यावर भांडायला कुणी नाही म्हणजे काय मजा?

म्हणूनच असेल, अण्णाच एक दिवस दुपारी चपला हातात घेऊन आमच्या दारात उभे राहिले. "सिस्टर, चेअरमन सापडला!"

मलकापूरच्या पुढं एका बागायतदाराच्या फार्मवर त्यांनी फरशा पाठवल्या होत्या. त्यांच्या ड्रायव्हरनं तिथं रेसचा घोडा पाहिला होता. काळसर तपकिरी, कपाळावर पांढरा पट्टा.

रविवारी आम्ही चौघं गेलो. शाहूवाडीकडची भातं पोपटी झाली होती. मलकापूरच्या स्टँडपाशी दोघातिघांनी आत्याला ओळखून गाडी अडवली. एकानं तर तिथंच बाही वर करून जुना फोड दाखवला. आत्यानं एरवी तपासला असता, पण त्या दिवशी ती म्हणाली, "येताना बघती, आत्ता मी गडबडीत हाय."

फार्मचा मालक धिप्पाड, मोकळा माणूस. "या पावणं, या! बुलेट बघाय आलाय न्हवं?"

"बुलेट?" आत्यानं माझ्याकडं पाहिलं.

त्यानं घोडा बाहेर आणवला. चमक गेलेली, पोट जरा सुटलेलं, पण रंग तोच, छाती तशीच. अण्णा आनंदानं आत्याच्या चेहऱ्याकडं बघत होते. आत्या जवळ गेली, त्याच्या कपाळाकडं पाहिलं, त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

"हा तो न्हाय," ती म्हणाली.

मालकाला काय कळेना. "तो म्हंजे कोण?"

"त्याचा पट्टा तिरका हुता. आन तो असा बघायचा न्हाय. ह्यो बघतोय नवीन गावात बदली झाल्यागत."

"तसंच हाय ते," मालक म्हणाला. "ह्यो बेंगळूरचा. ह्याला मराठी कळत न्हाय. आमचा माणूस दिवसभर वरडतो आन ह्यो नुसता तोंडाकडं बघत बसतो."

अण्णांचा चेहरा पडला होता. त्यांनी चूक भरून काढायची म्हणून की काय, पुढं होऊन हात केला आणि म्हणाले, "बा. बा इल्ली." अण्णांची आई निपाणीकडची, घरात कानडी चालायची. घोड्यानं कान टवकारले. दोन पावलं आला, मग आणखी दोन, आणि अण्णांच्या शर्टाला तोंड घासायला लागला. अण्णा भिंतीला टेकले.

आत्या बघत राहिली. थोड्या वेळानं तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "तो कुठं असंल रं?"

"माहीत नाही, आत्या."

"कुणीतरी खायला घालत असंल न्हवं?"

"असेल की."

"मग बास," ती म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं. मग घोड्यापाशी जाऊन त्याच्या मानेवर हात ठेवला. हात तिथंच ठेवून ती मालकाला म्हणाली, "मी आजवर घोड्यावर बसलेली न्हाय. बसवता का?"

आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. मी जोखमीबद्दल बोललो. मला आता आठवतं की मी वयोमानानुसार हाडांच्या ठिसूळपणावर बोललो, आणि तेही एका नर्ससमोर. तिनं माझं ऐकून घेतलं आणि मालकाच्या बायकोनं दिलेली सलवार घालायला आत गेली. मालकाकडं घोडेस्वारीचं हेल्मेट नव्हतं. त्यानं मोटरसायकलचं आणलं. "बुलेटवर बसायचं तर हे पाहिजेच," बायको म्हणाली आणि आत्याच्या हनुवटीखाली पट्टा लावला.

हौदाच्या कट्ट्यावरून चढवायचं ठरलं. मालकानं लगाम धरला, मी आणि अण्णांनी खालून आधार दिला. पहिल्या प्रयत्नात ती घोड्यावर पोटावर आडवी पडली आणि तशीच हसत राहिली. हेल्मेटमधून तो आवाज टाकीतून आल्यासारखा येत होता. दुसऱ्या प्रयत्नात बसली. बसल्यावर मान उंच केली. तिनं हळूच उजवीकडं पाहिलं, मग डावीकडं.

"वरनं सगळं लांबचं दिसतंय," ती म्हणाली. "अण्णा, ह्याला चल कसं म्हणायचं?"

अण्णा समोर उभे होते. "बा म्हणजे ये. होगु म्हणजे जा. थांब म्हणायचं असलं तर निल्लु."

"बा," आत्या मोठ्यानं म्हणाली.

घोडा चालायला लागला. मालकानं लगाम धरला होता, तो बाजूनं चालायला लागला. घोडा थेट अण्णांकडं निघाला, कारण त्या फार्मवर त्याला समजणारा तेवढा एकच माणूस होता. अण्णा मागं सरकले. घोडा पुढं आला. अण्णांनी पाठ फिरवून चालायला सुरुवात केली, मग धोतर सावरत जरा जोरात. माझी बायको व्हिडिओ काढत होती, त्यात नुसतं तिचं हसणं ऐकू येतं.

"सिस्टर, थांब म्हणा त्याला! निल्लु म्हणा!"

"बा, बा!" आत्या वरून ओरडली. तिला शब्द आठवत नव्हता की आठवूनही म्हणायचा नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही.

अण्णांनी हौदाला वळसा घातला, त्यांच्यामागून घोडा, घोड्याबरोबर मालक आणि वर लाल हेल्मेट घातलेली आत्या, पाठ ताठ करून.

"साकु!" अण्णा धापा टाकत ओरडले. "सिस्टर, साकु!"

"साकु म्हंजे काय?"

"साकु म्हंजे पुरे!"

"मला न्हाय पुरे," आत्या म्हणाली आणि घोड्याच्या मानेवर थोपटून परत म्हणाली, "बा."